वाचकांचे प्रश्न : रानघोड्यांच्या सेवेला जाताना

अमेरिकेत मोकाट घोड्यांसाठी राखलेल्या माळरानांवर विद्यार्थ्यांना काही महिने राहून काम शिकता येते, अशी चार ओळींची माहिती गेल्या अंकात याच पानावर छापली होती. त्या चार ओळींनी बरीच पत्रे आणली. त्यांतील ज्या प्रश्नांची उत्तरे इतरांनाही उपयोगी पडतील, असे पाच प्रश्न येथे घेतले आहेत. नेहमीप्रमाणे पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी पशुवैद्यकीय पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घोड्यांची मला लहानपणापासून ओढ आहे. अशा अभयारण्यात काम केल्यास रानघोड्यांवर उपचार करण्याचा अनुभव मिळेल का? तिथे रोज नेमके काय काम असते? — एक विद्यार्थिनी, शिरवळ

आधी 'अभयारण्य' या शब्दाविषयी दोन वाक्ये लिहितो, कारण तुमच्या प्रश्नातील गैरसमज बहुधा त्या शब्दातूनच आला आहे. आपल्याकडे अभयारण्य म्हटले की वनखात्याचे जंगल डोळ्यांसमोर येते. अमेरिकेतील ही ठिकाणे मात्र बहुतांशी खासगी सेवाभावी संस्थांची आहेत आणि त्यांचे खरे नाते आपल्या पांजरपोळाशी आहे. ज्या जनावरांना कोणी वाली उरलेला नाही त्यांना मरेपर्यंत चारा, पाणी आणि मोकळी जागा द्यायची, हेच दोन्हींचे काम आहे. फरक इतकाच की दक्षिण डकोटातील हॉट स्प्रिंग्ज गावाजवळच्या 'ब्लॅक हिल्स वाइल्ड हॉर्स सँक्चुअरी'सारख्या ठिकाणी ही जागा सुमारे ११,००० एकरांची आहे आणि तिथला घोडा दावणीला बांधलेला नसतो. हे एकदा लक्षात घेतले की कामाचे स्वरूप आपोआप स्पष्ट होते. पांजरपोळात जसा दिवसाचा मोठा भाग चारा, पाणी, कुंपण आणि नोंदवही यांत जातो, तसाच तो येथेही जातो.

उपचार तुम्हाला करता येणार नाहीत, हे स्पष्टच सांगतो. आपल्याकडील पदवी हाती असली तरी अमेरिकेतील परवाना मिळाल्याशिवाय तिथे जनावरांवर उपचार करता येत नाहीत, आणि तुमची पदवी तर अजून पूर्ण व्हायची आहे. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी दुसरी अडचण राहतेच. ज्या घोड्याने आयुष्यात माणसाचा हात अंगावर घेतलेला नाही, त्याला तपासायचे तर लाकडी किंवा लोखंडी अरुंद गल्लीतून शेवटच्या शिकंजापर्यंत हाकत न्यावे लागते. हा प्रकार त्याच्यासाठी इतका भयकारक असतो की खुरे छाटणे, रक्ताचे नमुने घेणे किंवा लस टोचणे अशी कामे साठवून एकाच वेळी केली जातात. त्या दिवशी शिकाऊ विद्यार्थ्याकडे फाटके उघडण्याचे आणि मानेवरील क्रमांक वाचून वहीत लिहिण्याचे काम येते. हे काम क्षुल्लक समजू नका. चुकीच्या क्षणी उघडलेल्या फाटकाने घोड्याचा पाय मोडू शकतो.

एरवीचा दिवस सकाळच्या फेरीने सुरू होतो. मालवाहू गाडीतून रानात जायचे, कळप शोधायचे आणि मोजायचे. घोड्यांचा कळप म्हणजे गर्दी नव्हे. एक वळू घोडा, त्याच्या काही घोड्या आणि त्यांची शिंगरे असे कुटुंब असते आणि दोन-तीन वर्षांचे नर त्यातून बाहेर पडून तरण्या नरांचे वेगळे टोळके करतात. कालपर्यंत एका कुटुंबात असलेली घोडी आज दुसरीकडे दिसली किंवा एकटी उभी दिसली, तर त्याला कारण असते आणि ते कारण शोधणे हा तुमच्या शिक्षणाचा सर्वांत मोलाचा भाग ठरेल. त्यासाठी प्रत्येक घोडा ओळखता आला पाहिजे. कुमैत (तांबूस, काळ्या अयाळीचा), अबलख (पांढऱ्या ठिगळांचा), पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरे असलेला) हे आपल्या जुन्या अश्वपारख्यांचे शब्द येथे फार उपयोगी पडतात, कारण रंग, कपाळावरचा पांढरा पट्टा आणि पायांचा पांढरेपणा यांवरूनच ओळख पटवायची असते. सरकारकडून आलेल्या घोड्यांच्या मानेच्या डाव्या बाजूला, अयाळीखाली, गोठवून उमटवलेली खूण असते; अतिशीत धातूच्या ठशामुळे तिथले केस पांढरे उगवतात आणि त्या खुणेतील कोनाकृती चिन्हांच्या लिपीतून घोड्याचे जन्मवर्ष आणि नोंदणी क्रमांक वाचता येतो. ही लिपी शिकायला एक दुपार पुरते, पण पळत्या घोड्याच्या मानेवर ती वाचायला महिना लागतो.

शरीराची स्थिती लांबूनच जोखायची असते. त्यासाठी डॉन हेनेके यांनी १९८३ मध्ये मांडलेली १ ते ९ गुणांची पद्धत जगभर वापरली जाते. मान, खांदा, बरगड्या, पाठीचा कणा आणि शेपटीचे मूळ या ठिकाणी चरबी किती आहे हे पाहून गुण द्यायचे. रवंथ करणाऱ्या जनावरांवर हात बसलेल्या विद्यार्थ्यांची नजर येथे सुरुवातीला फसते. थंडीत वाढलेल्या दाट केसांखाली बरगड्या लपतात आणि हडकुळा घोडा गुबगुबीत वाटतो. पोटशूळाचेही तसेच आहे. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे त्याचे पोटाचे दुखणे पाहता पाहता जिवावर बेतते. वारंवार कुशीकडे वळून पाहणे, पुढच्या पायाने जमीन उकरणे, उठबस करणे, इतर चरत असताना तोंड न लावणे, ही लक्षणे दोनशे पावलांवरून ओळखून कोणता घोडा, कुठे, किती वेळापासून हे अचूक कळवता येणे, याला मी उपचाराइतकेच वैद्यक मानतो.

हिवाळ्यात काम बदलते. दक्षिण डकोटात तापमान शून्याच्या कितीतरी खाली जाते, पाणवठे गोठतात आणि कुऱ्हाडीने बर्फ फोडून पाणी मोकळे करावे लागते. गवताच्या गासड्या गाडीतून टाकताना घोड्यांच्या संख्येपेक्षा ढीग जास्त आणि एकमेकांपासून लांब लांब ठेवावे लागतात, कारण वरचढ घोडी दुर्बळ घोडीला पहिल्या ढिगावरून हुसकते तेव्हा तिला जायला दुसरा ढीग उरला पाहिजे. ४५० किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला सुमारे ९ किलो सुके गवत लागते. समजा ३०० घोडे आहेत आणि चार महिने पुरवायचे आहे, तर हिशेब सव्वातीनशे टनांच्या जवळ जातो. या आकड्यातच संस्थेची सारी चिंता सामावलेली असते.

प्रश्न : हे घोडे खरोखर जंगली आहेत का? कायद्याने त्यांना संरक्षण दिले असेल, तर खासगी संस्थांनी त्यांना सांभाळण्याची वेळ का यावी? — एक निवृत्त शिक्षक, सांगली

काटेकोर अर्थाने ते जंगली नाहीत. उत्तर अमेरिकेतील मूळचे घोडे सुमारे १०,००० वर्षांपूर्वी नामशेष झाले. आज दिसतात ते सोळाव्या शतकापासून स्पॅनिश लोकांनी आणलेल्या, आणि पुढे वसाहतकऱ्यांच्या, सैन्याच्या व शेतांच्या तबेल्यांतून सुटलेल्या घोड्यांचे वंशज आहेत. 'मस्टँग' हे नावही 'मेस्तेन्यो' या स्पॅनिश शब्दावरून आले असून त्याचा अर्थ आपल्या 'बेवारशी'च्या अगदी जवळचा आहे. अमेरिकेतील हे घोडे तिथल्या मूळच्याच जातीचे असल्याने परके नव्हेत, असा दावा करणारेही अभ्यासक आहेत, पण तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या वादावर अवलंबून नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या घोड्यांना विमानांनी आणि मोटारींनी पिटाळून पकडत आणि कत्तलखान्यात धाडत. नेवाडातील व्हेल्मा जॉन्स्टन या कार्यालयीन कर्मचारी बाईंनी त्याविरुद्ध चळवळ उभारली. त्यांना हिणवण्यासाठी दिलेले 'वाइल्ड हॉर्स अ‍ॅनी' हे नाव त्यांनी मिरवले. शाळकरी मुलांनी लिहिलेल्या हजारो पत्रांचा त्या चळवळीत मोठा वाटा होता, हे आपल्यासारख्या शिक्षकाला आवडेल. १९५९ मध्ये मोटारींनी पाठलाग करण्यावर बंदी आली आणि १५ डिसेंबर १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी मोकाट घोड्यांच्या आणि गाढवांच्या संरक्षणाच्या कायद्यावर सही केली.

अडचण संरक्षण यशस्वी झाल्याने उभी राहिली. नैसर्गिक शत्रू फारसे नाहीत, घोडी अकरा महिन्यांत विते आणि कळप वर्षाला १५ ते २० टक्क्यांनी वाढतो. म्हणजे चार-पाच वर्षांत दुप्पट. पश्चिमेकडील दहा राज्यांतील सरकारी माळरानांना सुमारे २६,००० जनावरे पेलतील असे तिथला भूव्यवस्थापन विभाग मानतो, परंतु २०२० मध्ये ती संख्या सुमारे ९५,००० वर गेली होती. हा २६,००० चा आकडा गाईगुरांच्या मालकांना झुकते माप देऊन ठरवला आहे, असा घोडेप्रेमींचा आक्षेप आहे आणि मला तो अगदीच निराधार वाटत नाही. काही असो, विभाग हेलिकॉप्टरने घोडे गोळा करतो, त्यांतील काही लोक दत्तक घेतात आणि उरलेले सरकारी कुरणांत व गोठ्यांत राहतात. ही उरलेली संख्याही ६०,००० च्या पुढे गेलेली आहे. २००४ च्या एका दुरुस्तीने दहा वर्षांहून मोठे किंवा तीनदा दत्तकासाठी ठेवूनही कोणी न घेतलेले घोडे विकण्याची मुभा दिली. खासगी संस्थांकडे येतात ते प्रामुख्याने असे कोणाला नको असलेले घोडे. वर उल्लेखलेल्या ब्लॅक हिल्स अभयारण्याचे संस्थापक डेटन हाइड हे ऑरेगनचे पशुपालक आणि लेखक होते. गोठ्यांत कोंबलेले सरकारी घोडे पाहून अस्वस्थ होऊन त्यांनी १९८८ मध्ये हे रान उभे केले. दक्षिण डकोटा हे वरच्या दहा राज्यांत नाही. म्हणजे येथले घोडे त्या मातीत जन्मलेले नसून आणलेले आहेत.

प्रश्न : मुलगी पशुवैद्यकीय पदवीच्या शेवटच्या टप्प्यात आहे. असा सहा महिन्यांचा अनुभव तिच्या सक्तीच्या आंतरवासितेत (इंटर्नशिपमध्ये) धरला जाईल का? आणि पर्यटक व्हिसावर जाऊन असे काम करणे चालते का? — एक पालक, नागपूर

साडेपाच वर्षांच्या पदवीतील शेवटचे एक वर्ष आंतरवासितेचे असते आणि त्यात दवाखाना, शेतावरील काम, पशुधन प्रक्षेत्र अशा ठरलेल्या विभागांतून विद्यार्थ्याला जावे लागते. गवत टाकणे आणि कळप मोजणे त्या विभागांची जागा घेऊ शकत नाही, म्हणून हा अनुभव अतिरिक्त समजूनच बेत आखावा. महाविद्यालयाने काही काळ मान्य करायचे ठरवलेच, तर अधिष्ठात्यांची परवानगी जाण्यापूर्वी आणि लेखी घ्यावी. परत आल्यावर मागितलेली परवानगी म्हणजे केवळ विनवणी असते.

व्हिसाच्या बाबतीत फार सावध राहण्याची गरज आहे. राहायला खोली आणि जेवण मिळते, पगार मिळत नाही, म्हणून हे काम नव्हे, अशी समजूत अनेक पालकांची असते. परंतु श्रमाच्या बदल्यात मिळणारी खोली हाही मोबदला ठरू शकतो आणि पर्यटनासाठी मिळालेल्या व्हिसावर असे काम करताना कोणी आढळला, तर पुढच्या शिक्षणासाठीचा व्हिसाही धोक्यात येतो. मान्यताप्राप्त सेवाभावी संस्थेच्या स्वयंसेवेसाठी अभ्यागत व्हिसात एक तरतूद आहे, पण त्यासाठी संस्थेचे तपशीलवार पत्र लागते आणि मुलाखतीत हेतू जसा आहे तसाच सांगावा लागतो.

विद्यार्थ्यांसाठी योग्य मार्ग जे-१ या देवाणघेवाण व्हिसाच्या 'इंटर्न' प्रकाराचा आहे. त्यासाठी उमेदवार अमेरिकेबाहेरील पदवी अभ्यासक्रमात शिकत असावा किंवा पदवी घेऊन बारा महिन्यांहून अधिक काळ झालेला नसावा. मुदत जास्तीत जास्त बारा महिन्यांची असते. अर्ज अभयारण्याच्या नावाने थेट होत नाही, तर अमेरिकी परराष्ट्र खात्याने मान्य केलेल्या प्रायोजक संस्थेमार्फत होतो आणि तीच डीएस-२०१९ हा दाखला देते. या प्रकाराचे दोन नियम तुमच्या मुलीला थेट लागू पडतात. एक, केवळ अकुशल श्रमाचे काम प्रशिक्षण म्हणून चालत नाही. म्हणून कुरण व्यवस्थापन, कळपांच्या नोंदी, वर्तनाचे निरीक्षण असा लेखी प्रशिक्षण आराखडा असावा लागतो. दोन, रुग्णांशी थेट संबंध येणारी कामे वर्ज्य आहेत आणि त्या यादीत पशुवैद्यकाचाही उल्लेख आहे. त्यामुळे अर्जात उत्साहाच्या भरात 'घोड्यांवर उपचार शिकायचे आहेत' असे लिहिले, तर त्या एका वाक्याने अर्ज अडकेल.

प्रश्न : मी अमेरिकेत पर्यावरणशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. घोड्यांच्या आश्रयस्थानांच्या बऱ्याच जाहिराती दिसतात. चांगली संस्था कशी ओळखावी? — एक विद्यार्थी, सध्या मुक्काम नेब्रास्का

सर्वप्रथम विचारा की तिथे शिंगरे जन्मतात का, आणि जन्मत असतील तर का. चारा मर्यादित आहे हे जाणणारी संस्था नर खच्ची करते, नर-माद्या वेगळ्या ठेवते किंवा पीझेडपी ही गर्भरोधक लस वापरते. डुकराच्या बीजांडाभोवतीच्या आवरणातील प्रथिनापासून बनवलेली ही लस घोडीच्या शरीरात प्रतिपिंडे निर्माण करते आणि शुक्राणू बीजाला चिकटू शकत नाही. पहिल्या वर्षी दोन मात्रा आणि नंतर दरवर्षी एक, अशी ती लांबून बंदुकीच्या बाणाने टोचता येते. संशोधक जे किर्कपॅट्रिक यांनी १९८८ पासून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या असाटीग बेटावरील मोकाट घोड्यांवर हा प्रयोग केला आणि कळप न फोडता, घोडे न पकडता संख्या आवरता येते हे दाखवले. बाण मारण्याचे काम प्रशिक्षित व्यक्तीच करते, पण कोणत्या घोडीला कोणत्या तारखेला मात्रा दिली याची वही बहुधा शिकाऊंच्या हाती असते, आणि पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्या वहीतून प्रबंधाचा विषय मिळू शकतो. याउलट, वसंतात जन्मलेल्या गोंडस शिंगरांची छायाचित्रे दाखवून देणग्या मागणारी संस्था असेल, तर ती शिंगरे दहा वर्षांनी काय खाणार, हे विचारा.

दुसरी कसोटी हिशेबाची. करमुक्त सेवाभावी संस्थेला वार्षिक ९९० क्रमांकाचे विवरणपत्र भरावे लागते आणि ते कोणालाही पाहता येते. त्यात चाऱ्यावरचा खर्च आणि घोड्यांची संख्या ताडून पाहा; मी वर दिलेला रोजच्या ९ किलोंचा हिशेब तेवढ्यासाठी पुरेसा आहे. ही शंकेखोर वृत्ती वाटेल, पण २०१६ मध्ये दक्षिण डकोटातच एका संस्थेकडचे शेकडो घोडे उपासमारीच्या अवस्थेत सापडले आणि प्रशासनाला त्यांचा ताबा घ्यावा लागला. हेतू चांगला असूनही घोडे चाऱ्यापेक्षा वेगाने वाढले की असे होते. 'ग्लोबल फेडरेशन ऑफ अ‍ॅनिमल सँक्चुअरीज' या संघाची मान्यता असेल तर उत्तमच, तथापि मान्यता नसलेल्या सर्वच लहान संस्था वाईट असतात असे नाही.

विद्यार्थी व्हिसावर अभ्यासक्रमांतर्गत प्रशिक्षणाची परवानगी साधारणपणे एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर मिळते. तुमच्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी बोलल्याशिवाय होकार कळवू नका. विमा, राहण्याच्या जागी उबेची सोय आणि दुखापत झाल्यास जवळचे रुग्णालय किती मैलांवर आहे, हे तीन प्रश्न दूरध्वनीवरच विचारून घ्या.

प्रश्न : मी शेतकरी कुटुंबातील आहे आणि अमेरिकेचा खर्च परवडणारा नाही. असे शिक्षण जवळपास कुठे मिळेल का? घोडा मी आजवर फक्त वरातीत पाहिला आहे. — एक विद्यार्थी, बारामती

वरातीतला घोडाही शिकवतो, पण तुम्ही ज्या भागातून लिहीत आहात तिथे त्याहून चांगला गुरू आहे. धनगरांच्या वाड्यांबरोबर बिऱ्हाड पाठीवर घेऊन चालणारा भीमथडी घोडा तुमच्याच परिसरातला असून त्याला अलीकडे स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळाली आहे. चार महिने एखाद्या वाड्याबरोबर किंवा चांगल्या नालबंदाबरोबर काढलेत, तर कान मागे गेले की काय समजायचे, घोड्याच्या मागून का जायचे नाही, तापलेल्या खुराला हात कसा लावायचा, हे तुम्हाला असे कळेल की परदेशातील संस्थेकडे अर्ज करताना तेच तुमचे प्रमाणपत्र ठरेल. मोकाट घोडे पाहायचेच असतील, तर आसाममधील दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानात, ब्रह्मपुत्रेच्या बेटांवर आणि गवताळ पट्ट्यांत ते आहेत. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी घोड्यांचे ते वंशज असल्याचे सांगितले जाते.

घोड्याच्या कुळातील खरा रानवट भाऊबंद मात्र आपल्या शेजारी गुजरातेत आहे. कच्छच्या छोट्या रणातील खूर, म्हणजे रानगाढव, १९६० च्या दशकात रोगराईने इतके घटले की १९६७ मध्ये ते चारशेच्याही खाली आले होते. सुमारे ४,९५० चौरस किलोमीटरच्या अभयारण्यात आज त्यांची संख्या साडेसात हजारांच्या पुढे आहे. येथे 'सेवा' करण्यासारखे काही नसते, फक्त निरीक्षण असते आणि त्यासाठीही वनखात्याची परवानगी महाविद्यालयामार्फत मागावी लागते. २०२४ ची गणना झाली तशा मोजणीच्या कामात विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून जागा मिळते का, हे विचारून पाहा. पुढेमागे पैसे साठले तर अमेरिकेआधी मंगोलियाचा विचार करावा, असे माझे मत आहे. उलानबातरपासून सुमारे १०० किलोमीटरवरील हुस्ताई राष्ट्रीय उद्यानात १९९२ पासून परत आणलेला 'ताखी' नावाचा रानघोडा आज पुन्हा मोकळा फिरतो. निसर्गात तो १९६९ नंतर दिसेनासा झाला होता आणि प्राणिसंग्रहालयांतील जेमतेम डझनभर पूर्वजांपासून त्याचा वंश परत उभा केला गेला. तिथे स्वयंसेवक दिवसभर एका कुटुंबाच्या मागे ठरलेल्या अंतरावरून चालतात आणि ठरावीक मिनिटांनी कोण चरतो, कोण उभा आहे, कोण कोणाला हुसकतो, हे लिहितात.

रणात जाणार असाल तर थंडीच्या महिन्यांत जा, धनुर्वाताची लस आधी घ्या आणि दुर्बीण स्वतःची न्या. संस्थेची दुर्बीण नेहमी दुसऱ्याच कोणाच्या तरी गळ्यात असते.